पेटीवर माझीच चूक छापलेली होती

एक लाख सेहेचाळीस हजार तीनशे पन्नास रुपये. इंजिनाचे पार्ट घेताना मी एवढ्याला फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांत आणि सोसायटीत मी आजवर ‘चाळीसेक हजार गेले’ असंच सांगत आलोय. बायकोला खरा आकडा पासबुकातून कळला. त्या रात्रीबद्दल इथे लिहीत नाही.

आमच्याकडे एक जुना चेनवाला डोझर आहे. कॅटरपिलर डी-फोर-डी. वडिलांनी सरकारी लिलावात घेतला होता, म्हणजे आमच्या हातात आला तेव्हाच म्हातारा होता. राहायला आम्ही मुंबईत, मशिन कर्जत-मुरबाडकडे भाड्याने फिरतं. शेततळी, बांध, प्लॉट सपाट करणं. हल्ली सगळ्यांना जेसीबी आणि पोकलेनच दिसतात, पण चढावर माती लोटायची असली की अजूनही याला बोलावणं येतं.

फेब्रुवारीत दोन नंबरच्या सिलिंडरचं बिग-एंड बेअरिंग, म्हणजे पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या टोकाचं बेअरिंग, फिरलं. ऑइलचं प्रेशर पडतंय हे ऑपरेटरने चार दिवस लपवलं (त्याचा हिशोब मी वेगळा केला). क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टचं, जर्नल (बेअरिंग बसतं तो गुळगुळीत भाग) खाल्लं. लेथवाल्याकडे दहा-वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड करून निभेल म्हणून टाकला, तर क्रॅक टेस्टिंगमध्ये कडेला केसासारखी रेघ निघाली. ग्राइंडिंगचा विषय तिथेच संपला. लायनरही (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळ्या) झिजलेले, खालच्या ओ-रिंगमधून पाणी ऑइलमध्ये उतरत होतं. म्हणजे क्रँक हवा आणि चार लायनर-पिस्टनचा सेट हवा, आणि सगळं मृग लागायच्या आत. पाऊस पडला की डोझरचं काम चार महिने बंद. मी मूर्ख नव्हतो, घाईत होतो. फरक असतो की नाही, वाचणाऱ्यांनी ठरवावं.

अधिकृत कोटेशन मागवलं. नव्या क्रँकचा भाव ऐकला आणि वाटलं, त्या पैशात अख्खं मशिन भंगारात जाऊन परत येईल. मग मुंबईतल्या सुट्या भागांच्या बाजारांची नेहमीची वारी सुरू केली. नागदेवी, ऑपेरा हाऊस, कुर्ल्याची सीएसटी रोडची भंगार लाईन. नागदेवीला एक म्हातारे काका काउंटरवर बसतात. मी इंजिन सांगताच त्यांनी पहिल्याच दमात विचारलं, “मशिनचा सीरियल नंबर काय? पीसी की डीआय?” या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) पावणेपाच इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) सहा इंच. जुन्यांच्या प्लेटवर डी-३३०सी असतं, पुढच्यांवर ३३०४. पण काहींत प्री-कम्बशन चेंबर असतं (पीसी), काहींत डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं (डीआय), आणि दोघांचे पिस्टन वेगळे. हे न विचारता जो तुम्हाला सेट विकतो, त्याला विकायचं काय आहे हेच माहीत नसतं. काका म्हणाले, “पंधरा दिवस थांब, बघतो.” पंधरा दिवस मला जड वाटले.

चार-पाच काउंटरवर मी चिठ्ठी ठेवली. जुना पार्ट नंबर, माझा मोबाइल. तोच मजकूर मशिनवाल्यांच्या दोन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी फोन आला.

आवाज शांत, मराठी स्वच्छ, मला ‘दादा’ म्हणणारा. माझा गाळा दारुखान्यात आहे म्हणाला. जहाज तोडायला येतं तेव्हा त्याचं स्टोअर आधी रिकामं करतात, त्यात जनरेटरचे न वापरलेले स्पेअर पेटीबंद निघतात, तुमच्या इंजिनाचा क्रँक स्टँडर्ड साइजमध्ये पडून आहे. आता सांगा, यात न पटण्यासारखं काय होतं? हे इंजिन जहाजांच्या जनरेटरला लागायचं, हे खरंय. दारुखान्यात जहाजं तुटतात, हेही खरंय. स्टोअरमध्ये स्पेअर असतात, तेही खरं. नव्वद टक्के खऱ्यावर दहा टक्के खोटं बेतलेलं होतं.

भाव: क्रँक ९५,०००, चार लायनर-पिस्टनचा सेट ४७,५००. एकूण १,४२,५००. मी घासाघीस केली तर तो हसला आणि म्हणाला, “दादा, दुसरीकडे स्वस्त मिळाला तर मलाही सांगा, मी घेतो.” त्याने पाचशे रुपयेही कमी केले नाहीत, आणि त्यामुळेच माझा विश्वास वाढला. एक पैसा न सोडणारा माणूस खोटा कसा असेल? असा विचार करणाऱ्या माणसाला काय म्हणतात, ते मला आता माहीत आहे.

मग त्याने फोटो पाठवले. लाकडी पेटी, आत तेलकट कागदात गुंडाळलेला क्रँक, आणि पेटीच्या कडेला पिवळं लेबल, त्यावर पार्ट नंबर. मी तो फोटो मोठा करून पाहिला. नंबर माझ्या चिठ्ठीशी आकड्याला आकडा जुळला. मी बायकोला दाखवला, मिस्त्रीला पाठवला, ग्रुपवर लिहिलं ‘मिळाला एकदाचा!’

तो नंबर चुकीचा होता. कॅटरपिलरच्या जुन्या नंबरात आधी अंक, मग अक्षर, मग चार अंक असतात. आमच्या क्रँकवरच्या त्या चार अंकांत एक तीन आहे. मी चिठ्ठीवर आठ लिहिला. ग्रीस माखलेलं होतं, चष्मा गाडीत होता, तीनाच्या डाव्या बाजूला गंज धरला होता. आणि कुठल्यातरी परदेशी कारखान्यात छापलेल्या, जहाजातून समुद्र ओलांडून आलेल्या त्या लेबलवर तोच आठ होता. माझा आठ. माझ्या चष्म्याची चूक त्या पेटीवर छापून आली होती. लेबल माझ्या मेसेजवरून बनवलं होतं, हे समजायला अख्खे तेवीस दिवस आणि एक पार्सल लागलं.

मिस्त्रीने त्या रात्री फोन करून एवढंच विचारलं होतं, “नंबरात आठ आहे का तीन? मला तीन आठवतोय.” मी म्हणालो, “लेबलवर आठच आहे, बघ की.” हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. यापुढे कुणालाही पार्ट विचारताना मी शेवटचे दोन आकडे सांगत नाही. त्याच्याकडे वस्तू असेल तर तो वाचून सांगेल.

पैसे तीन हप्त्यांत गेले. टोकन १५,००० यूपीआयने. स्क्रीनवर नाव आलं ते एका बाईचं. ‘वहिनीचं खातं, कंपनीचं ऑडिट चालू आहे’ म्हणाला. यूपीआय पैसे जायच्या आधी नाव दाखवतं, ते वाचायला दाखवतं. दुसऱ्या दिवशी ८५,००० आयएमपीएसने, तिसऱ्याच नावावर. मग बिल आलं, प्रायव्हेट लिमिटेड, शिक्का, सही, जीएसटी नंबर, आणि बिल पाहून मी उरलेले ४२,५०० टाकले. त्या जीएसटी नंबराची सुरुवात २७ ने नव्हती. महाराष्ट्राचा कोड २७. नंबराच्या पोटात पॅन असतो आणि सहाव्या जागेवरचं अक्षर सांगतं की पॅन कुणाचा. प्रायव्हेट लिमिटेडला तिथे ‘सी’ हवा, या बिलावर ‘पी’ होता, म्हणजे एकट्यादुकट्या माणसाचा. जीएसटीच्या पोर्टलवर फुकटात दोन मिनिटांत दिसलं असतं की नोंदणी रद्द झालेली आहे. दिसलंही. पैसे गेल्यावर.

आणि मी मुंबईत राहतो! दारुखान्याचं स्टेशन रे रोड, कुर्ल्याहून हार्बरने सहावं. माणूस नागपुरात बसून फसला तर समजू शकतो. मी म्हणालो होतो, रविवारी येतो गाळ्यावर. तर म्हणाला, रविवारी दारुखाना बंद, माल भिवंडीच्या गोडाऊनला हलवलाय, आणि सोमवारी नाशिकची पार्टी येऊन बसणार आहे. माझं त्या आठवड्यात मशिन मुरबाडला उघडं पडलेलं, मुलीची परीक्षा. कारणं आहेत माझ्याकडे, पुष्कळ आहेत.

पार्सल खरोखर आलं. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) ३,८५० टू-पे, म्हणजे माल घेणाऱ्याने द्यायचं भाडं, भरून सोडवलं. बिल्टीवर वजन ४८ किलो. आमचा एकटा जुना क्रँक दोघांनी बांबू लावून उचलला होता, वर चार लायनर आणि चार पिस्टन, आणि वजन ४८? मी ते वाचलं, आणि तरी पैसे भरले, कारण न भरता पेटी उघडू देत नाहीत. पेटीत चार लायनर निघाले, कुठल्यातरी ट्रकचे. बोटाने चाचपलं तरी कळेल इतका बोअर लहान. वरून चांदीरंगी स्प्रे मारलेला, रंग नखाने निघत होता. खाली गोणपाटात गंजलेला शाफ्टचा तुकडा, गॅसने कापलेला. क्रँक नव्हेच.

तेव्हा वाटलं, यांना काहीच पाठवायचं नव्हतं तर भंगार तरी कशाला पाठवलं, भाडं कशाला वाढवलं? याचं उत्तर पोलीस ठाण्यात मिळालं.

“माल मिळाला ना तुम्हाला? मग फसवणूक कशी? हा मालाच्या दर्जाचा वाद झाला. दिवाणी मॅटर. कोर्टात जा.” ड्युटीवरच्या साहेबांनी माझा अर्ज पूर्ण वाचलाही नव्हता. ते भंगार त्यांच्यासाठीच पाठवलं होतं, माझ्यासाठी नव्हे. बिल्टी, बिल, पेटी: चोराने स्वतःचा बचाव मलाच टू-पे करून पाठवला होता. मी म्हणालो, शाफ्टचा तुकडा क्रँक म्हणून विकणं हा दर्जाचा वाद कसा? तर म्हणाले, आम्हाला इंजिनातलं कळत नाही. बरोबर आहे, मला कळतं, मी फसलो.

दुसऱ्या खेपेला सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, वस्तू ट्रान्सपोर्टने आली, ओटीपी गेला नाही, लिंक दाबली नाही, हे सायबर नाही. परत ठाण्यात. ठाण्यात म्हणाले, पेटी भिवंडीत सोडवली, मशिन मुरबाडला, खातं परराज्यात, आमच्या हद्दीत काय घडलं? मी म्हणालो, पैसे माझ्या घरातून गेले, आणि नव्या कायद्यात झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावाच लागतो. हे ऐकून एक हवालदार म्हणाले, “वकील आहात का?” नाही, मी डोझरवाला आहे. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि फसवणुकीच्या कलम ३१८ मध्ये बसतंय का याची प्राथमिक चौकशी करू म्हणाले. कायद्यात या चौकशीला चौदा दिवस आहेत. मला आज बहात्तरावा दिवस आहे. तपास अधिकारी दोनदा बंदोबस्ताला होते, एकदा रजेवर, एकदा जेवायला. जेवायला गेलेले सव्वातीनपर्यंत आले नाहीत, मी बाकावर बसून भिंतीवरची ‘नागरिकांची सनद’ पाठ केली.

ठाण्यात अडवत असतील तर वाद घालू नका. तोच अर्ज पोलीस उपायुक्तांच्या नावे पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. मी तसं केल्यावरच फोन आला. तोही ‘वर कशाला लिहिलंत’ म्हणून.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी पार्सल उघडल्यावर फोन केला. पैसे जाऊन तीन आठवडे झालेले. तिथल्या मुलीने नीट ऐकलं, तक्रारीचा नंबर दिला, पण थांबवायला खात्यात काही राहिलं नव्हतं. शंका आली त्या तासाला करायचा असतो तो फोन, खात्री झाल्यावर नाही. बँकेत मॅनेजर म्हणाले, “तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत.” मी कधी म्हणालो की पायाने पाठवले?

ग्राहक आयोगाचं विचारलं तर ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, मशिन भाड्याने चालवता म्हणजे व्यापारी वापर, समोरचा पहिला मुद्दा हाच काढेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवतो हे सिद्ध करावं लागेल. आणि समोरचा कोण, त्याचा पत्ता काय, नोटीस कुठे लावायची?

पत्ता पाहायला मी शेवटी दारुखान्यात गेलो. बिलावरचा गाळा नंबर सापडला. तिथे जहाजाचे जुने दोरखंड विकतात. शटरच्या बाजूच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘यहाँ इंजिन पार्ट नहीं मिलता.’ मालकाने मला पाहिलं, माझ्या हातातलं बिल पाहिलं, आणि काही न बोलता बसायला स्टूल पुढे केलं.

क्रँक अखेर नागदेवीच्या काकांनीच मिळवून दिला, वापरलेला, वीस थाऊ ग्राइंड केलेला, १,१०,००० ला. मी स्वतः मायक्रोमीटर घेऊन गेलो, नऊही जर्नल… नाही, खोटं नको, मिस्त्रीने मोजले, मी धरून उभा होतो. त्याआधी मिस्त्रीने नंबर मोठ्याने वाचून दाखवला. तीन. पण तोवर जून अर्धा सरला होता आणि मशिन ताडपत्रीखाली.

पेटी अजून आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये आहे. ‘मुद्देमाल आहे, सांभाळून ठेवा, लागेल तेव्हा मागवू,’ असं ठाण्यातून सांगितलंय, तोंडी. परवा सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली: सामायिक जागेतलं भंगार सात दिवसांत न हलवल्यास सभासदाच्या खर्चाने उचलण्यात येईल. नोटिशीची झेरॉक्स काढून मी ती अर्जाला जोडली आणि ठाण्यात नेऊन दिली. त्यावरही शिक्का मारून दिलाय.