माइल्सचं कार्ड, 14 महिने: आधी नाव तपासा

मार्चमधल्या माझ्या दोन फेऱ्यांचे माइल्स (विमान कंपनी प्रवासावर देते ते पॉइंट्स, ज्यांवर पुढचं तिकीट काढता येतं) अजून खात्यात आलेले नाहीत, म्हणून हे लिहायला बसले. कार्ड घेऊन 14 महिने झाले. तेवढ्यात दुबई-मुंबईच्या 11 फेऱ्या झाल्या, कारण माझी नोकरी इथे दुबईत आणि आई चिपळूणला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. कार्डाचे सिल्व्हर-गोल्ड दर्जे, लाउंज हे सगळ्यांना माहीत आहे. मला बोलायचंय ते नावाबद्दल.

फेब्रुवारीत पासपोर्ट नवा केला. जुन्यावर गिव्हन नेमच्या रकान्यात फक्त माझं नाव होतं. नव्यावर आपल्याकडे येतं तसं माझ्या नावापुढे बाबांचं नाव आलं. तिकीट पासपोर्टप्रमाणे काढावं लागतं, म्हणून तसंच काढलं. कार्डाच्या खात्यात मात्र जुनंच नाव राहिलं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. बोर्डिंग पास बघा एकदा: आधी आडनाव, मग तिरकी रेघ, त्यापुढे माझं आणि बाबांचं नाव मध्ये जागा न सोडता एकाच शब्दात, आणि शेवटी त्यालाच चिकटलेलं एमएस, म्हणजे इंग्रजीतलं 'श्रीमती'. कंपनीच्या संगणकाला ती बाई मी वाटलेच नाही. कार्ड नंबर बरोबर, जन्मतारीख बरोबर, मोबाइल बरोबर, तरी चारही उड्डाणांचे माइल्स शून्य.

न आलेल्या माइल्ससाठी क्लेम टाकला. उत्तर आलं, प्रवाशाचं नाव खात्याशी जुळत नाही. दोन्ही पासपोर्टांच्या प्रती पाठवल्या. मग खात्यावरचं नाव बदलायचा वेगळा अर्ज, त्याला पाच आठवडे. मे महिन्यात नाव बदललं आणि तेव्हापासूनचे माइल्स दोन दिवसांत जमा होतात. मार्चच्या क्लेमला मात्र आता म्हणतात की प्रवासाच्या दिवशी खात्यावर नाव वेगळं होतं. अहो, बदल तुम्हीच मंजूर केलात ना! मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीने मला एप्रिलमध्येच सांगितलं होतं, "ताई, आधी खात्यावरचं नाव बदलून घ्या, नाहीतर दर वेळी हेच होणार." कस्टमर केअरच्या सहा ईमेलांमध्ये एवढं सरळ वाक्य एकदाही आलं नाही.

एप्रिलपर्यंत माझं मत पक्कं होतं की हे कार्ड बंद करायचं. हिशोबही तेच सांगत होता. मी नेहमी सगळ्यात स्वस्त भाडं घेते आणि त्या भाड्यावर माइल्सही सगळ्यात कमी मिळतात. साठलेल्या माइल्सवर आईचं जाऊन-येऊन तिकीट काढलं, तर कर आणि अधिभार मिळून 410 दिरहम रोख भरावे लागले. त्याच आठवड्यातलं साधं तिकीट 780 ला मिळत होतं. म्हणजे वर्षभर जमवलेल्या माइल्सची किंमत 370 दिरहम.

पण दोन गोष्टींनी माझं मत बदललं. एक म्हणजे वजन. सिल्व्हरला 30 किलोवर 10 किलो जास्त मिळतात. मे महिन्यात आईने दिलेल्या हापूसच्या दोन पेट्या, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि गोडा मसाला (यूएईत खसखशीवर बंदी आहे, म्हणून माझा मसाला ती खसखस न घालता वेगळा कुटते) सगळं मिळून काट्यावर 39.6 भरलं. बॅग उघडून काही मागे ठेवावं लागलं नाही. याआधी दोनदा मी पीठ आणि पापड सोडायला आलेल्या भावाच्या हातात परत दिलेत, तेव्हा आईचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता.

दुसरी गोष्ट जुलैतली. आई इकडे यायच्या आठ दिवस आधी डॉक्टर म्हणाले, इतक्यात तीन तास पाय दुमडून बसू नका. पैशाने काढलेलं स्वस्त तिकीट असतं तर बुडालंच होतं. माइल्सचं होतं म्हणून थोडी फी कापून माइल्स खात्यात परत आले, भरलेला करही परत मिळाला. तेव्हापासून मी आईचं तिकीट माइल्सवर आणि माझं पैशाने काढते. म्हातारं माणूस येणार असेल तर तारीख बदलता येणं हीच खरी बचत.

माइल्स साठवून मात्र ठेवू नका. जेट एअरवेजची विमानं 17 एप्रिल 2019 ला थांबली. त्यांची माइल्सची योजना जेटप्रिव्हिलेज पुढे इंटरमाइल्स म्हणून चालू राहिली, पण मी ज्या विमानांसाठी जमवत होते ती गेलीच. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या क्लब विस्तारा योजनेचे पॉइंट्स एअर इंडियाच्या महाराजा क्लबात गेले. माझं दुसरं कार्ड एमिरेट्सच्या स्कायवर्ड्सचं आहे. त्याचे माइल्स तिसऱ्या वर्षी आपल्या वाढदिवसाच्या महिन्याअखेरीस संपतात, ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.

लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी, आणि ज्यांच्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडून आलंय त्या सगळ्यांनी आज रात्रीच खातं उघडून पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. स्पेलिंगमधला एक जादा 'ए' सुद्धा सोडू नका. आणि खात्यात माइल्स दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. माझे चारही पास पर्समध्ये होते म्हणून मी अजून भांडू शकतेय.

मार्चचा क्लेम काल तिसऱ्यांदा पाठवला, सोबत नाव बदलल्याचं त्यांचंच पत्र जोडलंय. क्लेम करायची सहा महिन्यांची मुदत संपायला 19 दिवस आहेत.