विशेष विवाह कायद्याखालचं लग्न : एका मामाचा अभिप्राय

आधी गुण देऊन टाकतो. कायद्याला पाचपैकी चार, कार्यालयाला अडीच आणि तीस दिवसांच्या नोटिशीला भोपळा.

भाचीचं लग्न आमच्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यांसमोर 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं. अंतरपाट नव्हता, त्यामुळे मामाच्या वाट्याला साक्षीदाराची सही आली. जावई कुठल्या धर्माचा हे इथे लिहीत नाही. दोघांचे धर्म वेगळे, एवढं पुरे. कारण नोटिशीच्या नमुन्यातही ते कुणी विचारत नाही. नाव, वय, व्यवसाय, अविवाहित की घटस्फोटित, पत्ता, तिथे किती काळ राहता, बस. माझी नोकरी कोषागारात बिलं तपासण्यात गेली. नमुना कुठलाही असो, आधी रकाने वाचायची सवय आहे. धर्माचा रकाना नाही हे बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

हा रकाना सहज गेलेला नाही. 1872 च्या जुन्या कायद्यात असं लग्न करायचं तर वधूवरांना लिहून द्यावं लागे की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, बौद्ध, शीख, जैन, ज्यू कुणीही नाही. म्हणजे सरकार लग्न लावून देणार, पण आधी देव दाराबाहेर ठेवून या. 1923 च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैनांना आपापसात थोडी मोकळीक मिळाली. 1954 साली ही अटच गेली. तुमचा धर्म तुमच्यापाशी, माझा माझ्यापाशी, आणि सरकारला दोन्हींशी कर्तव्य नाही. धर्मनिरपेक्ष राज्य म्हणजे काय यावर व्याख्यानं पुष्कळ ऐकली, पण ते टेबलावर कसं दिसतं हे मी इथे पाहिलं.

आता टेबलापलीकडच्या माणसांविषयी. नोटीस ऑनलाइन भरली होती. मूळ कागद तपासायला गेलो तेव्हा लिपिकबाईंनी शाळा सोडल्याचा दाखला उलटसुलट करून पाहिला आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘मग धर्म कोण बदलणार?’ भाची म्हणाली, ‘कुणीच नाही मॅडम, म्हणून तर इथे आलो.’ बाई हसल्या, वाईट नव्हत्या. पण लगेच, ‘घरच्यांना माहीत आहे ना?’ मुलगी सत्तावीस वर्षांची, स्वतःच्या पगारावर घर चालवणारी. कायद्याला मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण हवं, घरच्यांची परवानगी नको. प्रश्न काळजीचा असेलही, पण सरकारी टेबलावरून आला की तो अटीसारखा वाटतो. शेजारच्या टेबलाशी एक जोडपं एकटंच आलं होतं. त्यांनाही हाच प्रश्न विचारला गेला आणि मुलीचा चेहरा पडलेला मी पाहिला.

बाईंच्या संगणकावर दसऱ्याची झेंडूची माळ वाळून लोंबत होती आणि त्याच्या डब्यावर हळदकुंकवाची बोटं होती. याबद्दल मी गुण कापलेले नाहीत. खंडेनवमीला आम्ही कोषागारातली टंकलेखन यंत्रंही पुजली आहेत. माळेने कुणाचा अर्ज अडत नाही, तोंडी प्रश्नाने अडू शकतो.

नोटिशीला भोपळा का, ते सांगतो. अर्ज दिला की त्याची नोटीस कार्यालयात ठळक जागी लावतात. दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्यांकडे जाते आणि तिथेही लागते. नाव, पत्ता, सगळं काचेआड, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला. तीस दिवस कुणीही हरकत घेऊ शकतो. हरकतीची कारणं कायद्याने ठरवून दिलेली आहेत : आधीचा नवरा किंवा बायको हयात असणं, वय कमी असणं, संमती देण्याइतकी मनाची स्थिती नसणं, निषिद्ध नातं असणं. ‘आमच्या धर्माची मुलगी आहे’ हे त्यात कुठेच नाही. हरकत खोडसाळ निघाली तर घेणाऱ्याने भरपाई किती द्यायची? जास्तीत जास्त हजार रुपये. 1954 साली तो आकडा मोठा असेल, आज तेवढ्यात हॉलच्या खुर्च्यांचं भाडंही निघत नाही.

फोन हरकतीशिवायही येतात. जावयाच्या मूळ जिल्ह्यात नोटीस लागली आणि आठवड्याच्या आत त्याच्या चुलत्यांना अनोळखी माणसाचा फोन, ‘तुमच्या पोराचं काय चाललंय?’ हरकत नाही, तक्रार नाही, कागदावर काहीच नाही. पुढे काही झालं नाही, कारण चुलते खमके. सगळ्यांचे नसतात.

हेच दोघं एका धर्माचे असते तर? विधिवत लग्न लावायचं, मग नमुना भरायचा, पुरोहित किंवा काझींची माहिती द्यायची, साक्षीदारांच्या सह्या, झाली नोंदणी. आगाऊ नोटीस नाही, तीस दिवस नाहीत. धर्माच्या आधाराने येणाऱ्याला सरळ रस्ता आणि नुसतं राज्यघटनेच्या आधाराने येणाऱ्याला चौकशीची पाटी, हा हिशेब माझ्यासारख्या बिलं तपासणाऱ्याला जुळत नाही. 2021 च्या जानेवारीत अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं की नोटीस लावायची की नाही हे जोडप्याच्या मर्जीवर सोडा. आमच्या कार्यालयात पाटी होती तिथेच आहे. आपल्याकडे तर डिसेंबर 2022 मध्ये राज्य सरकारने अशा लग्नांवर आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती नेमली. आधी त्यात आंतरजातीयही होतं, ते काही दिवसांत वगळलं. आंतरधर्मीय तेवढं ठेवलं.

कायद्याचा एक गुण कापला तो वारशासाठी. हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन माणसाने या कायद्याखाली या चौघांबाहेरच्या व्यक्तीशी लग्न केलं की एकत्र कुटुंबातून तो आपोआप विभक्त झाला असं धरलं जातं, आणि पुढचा वारसा 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने ठरतो. दोघंही या चौघांतले असतील तर 1976 च्या दुरुस्तीने हे लागू होत नाही. म्हणजे धर्माचा रकाना नमुन्यातून गेला तरी सातबाऱ्यापाशी परत भेटतो. हिस्सा बुडत नाही, पण घरात शेती असेल तर वकिलाला आधीच विचारा. आम्हाला हे तिसऱ्या साक्षीदाराने सांगितलं, तो वकील होता म्हणून.

लग्नाचा दिवस मात्र देखणा झाला. अधिकारी तरुण होते, घाई केली नाही. भिंतीवर बाबासाहेब, बाजूला सावित्रीबाई. त्यांनी दोघांना उभं केलं आणि मराठीत म्हणायला लावलं, ‘मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो,’ तिच्याकडून तसंच. दोघांनी म्हटलं, आम्ही तिघांनी सह्या केल्या, वेबकॅमसमोर फोटो आणि अंगठे झाले. बाहेरच्या पॅसेजमध्ये माझ्या बहिणीने पर्समधून मूठभर अक्षता काढून टाकल्या, विहीणबाईंनी त्यांच्या पद्धतीची प्रार्थना म्हटली. शिपायाने झाडू आणून ठेवला, बोलला काही नाही. पेढ्यांचे पैसे मात्र मागितले. दिले नाहीत, पेढाच दिला.

जाणार असाल तर एवढं करा. तिन्ही साक्षीदारांची मूळ ओळखपत्रं लागतात, झेरॉक्स चालत नाही. चौथा माणूस तयार ठेवा, आमच्यापुढच्या जोडप्याचा एक साक्षीदार वाहतुकीत अडकला आणि त्यांची पाळी शेवटी गेली. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून, तेव्हा तारीख आधी ठरवा. आणि कुणी विचारलं की धर्म कोण बदलणार, तर आमच्या भाचीचं उत्तर बिनदिक्कत वापरा.