तयार कुर्ती की कापड घेऊन शिवलेली?

नाशिकला मेन रोडला किंवा शालिमारला तयार कुर्ती घेताना आधी खांद्याची शिवण बघा. ती खांद्याच्या हाडावरच यायला हवी. बाजू आत घेता येतात, पण उतरलेला खांदा सुधारायचा म्हणजे बाही उसवून मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) नव्याने कापणं आलं. शिवणीत आत जादा कापड सोडलेलं नसेल तर सैलही करता येत नाही.

शिवायची तर ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर सुती कापड बहुतेकींना पुरतं. कापण्याआधी ते रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून छातीत घट्ट होतं. मापासाठी शिंप्याला अंगाला नीट बसणारी जुनी कुर्ती द्या. शिलाई धरून शिवलेली कुर्ती बहुधा महाग पडते, पण खांदे अरुंद आणि छाती भरलेली असेल तर हीच घ्यावी. तयार मापं सगळीकडून एकदमच वाढतात.