मनगटावरचा पट्टा: क्यूसी लॅबमधले आठ महिने

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, मी बारा वर्षं काम करते. फेब्रुवारीत आम्हा सगळ्या अ‍ॅनालिस्टना कंपनीने मनगटात घालायचा एकेक पट्टा दिला. शिफ्टला आलं की तो घालायचा आणि त्यावर एकदा बोट टेकवायचं. ठसा जुळला की पट्टा चालू होतो आणि मनगटातून काढेपर्यंत चालू राहतो. संगणकाशेजारच्या रीडरजवळ हात नेला की लॉगिन होतं, निकालावर सही करताना पुन्हा हात न्यायचा. उठून लांब गेलं की स्क्रीन आपोआप लॉक होते. पट्टा काढला की त्याच क्षणी तो बंद, मग दुसऱ्या कुणी घालून उपयोग नाही.

मला याची किंमत का वाटते ते सांगते. दोन वर्षांपूर्वी, याच लॅबमध्ये एका दुपारी, मी वजन घेऊन हात धुवायला गेले आणि स्क्रीन उघडी राहिली. तेवढ्यात कुणीतरी माझ्याच लॉगिनवर दुसऱ्या सॅम्पलची नोंद केली. घाईत केली असेल, हेतू वाईट नसेल. पण ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे कुणी कधी काय केलं याच्या संगणकातल्या नोंदींत, नाव माझं लागलं. पुढचे तीन दिवस चौकशीत मी “ही नोंद माझी नाही” एवढंच म्हणत होते, आणि ते दाखवायला माझ्या हातात काही नव्हतं. त्या तीन रात्री मला नीट झोप लागली नाही.

अमेरिकेच्या बाजारासाठी औषधं करणाऱ्यांना तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेचा 21 सीएफआर भाग 11 हा इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचा नियम पाळावा लागतो. तो 1997 पासून लागू आहे. सहीबद्दल त्यात असं आहे की एका सलग सत्रातल्या पहिल्या सहीला आयडी आणि पासवर्ड दोन्ही हवेत, पुढच्या सह्यांना त्यातलं एक चालतं. सगळा प्रश्न त्या ‘सलग’ शब्दात आहे. नऊ वाजता लॉगिन केलेलीच बाई सव्वानऊला खुर्चीत आहे, हे कशावरून? आमच्याकडे याला उत्तर होतं दहा मिनिटांचा टाइमआउट, म्हणजे तेवढा वेळ कुणी काही केलं नाही तर स्क्रीन लॉक. माझ्या बाबतीत जे घडलं ते त्या दहा मिनिटांच्या आतच घडलं.

आमच्या आयटीवाल्यांनी प्रशिक्षणात ‘झीरो ट्रस्ट’ समजावलं. ही कल्पना 2010 मध्ये जॉन किंडरवॅग यांनी मांडली, आणि अमेरिकेच्या निस्ट या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट 2020 मध्ये 800-207 या दस्तऐवजात तिची बांधणी लिहून काढली. फाटकातून आत आला म्हणून कुणी आपला ठरत नाही, प्रत्येक दाराशी ओळख पुन्हा पटवायची. मला ते लगेच पटलं, कारण माझ्या नावावर नोंद करणारा माणूस फाटकाच्या आतलाच होता.

आता वापराबद्दल. पहिला महिना त्रासाचा गेला. अंतर ब्लूटूथच्या सिग्नलवरून मोजलं जातं, आणि माणसाचं शरीर तो सिग्नल बऱ्यापैकी अडवतं. मी खुर्चीतच बसलेली, फक्त डावा हात पाठीमागच्या ट्रेकडे गेला, की स्क्रीन लॉक. सगळ्यांनी तक्रार केल्यावर मर्यादा सैल केली, तर मी बेसिनपाशी उभी असतानाही स्क्रीन उघडी राहायला लागली, म्हणजे मूळ दुखणं परत आलं. शेवटी प्रत्येक टेबलावर वेगवेगळं मोजमाप घेतलं तेव्हा कुठे जमलं. तुमच्याकडे असं काही येणार असेल तर या मोजमापासाठी निदान पंधरा दिवस मागून घ्या.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच विचारा: लॉक होतं की लॉगआउट? एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, रात्रभर इंजेक्शनं (एकेक सॅम्पल यंत्रात सोडणं) चालू असतात. स्क्रीन लॉक होऊ दे, रन थांबता कामा नये. आमच्याकडे हे आधी तपासून घेतलं होतं, त्यामुळे एकही रन वाया गेला नाही.

हातमोजे घालून काम करणाऱ्यांना हा पट्टा फार सोयीचा आहे. बोट सकाळी एकदाच लागतं, मग दिवसभर ग्लोव्ह्ज काढावे लागत नाहीत. पावसाळ्यात मात्र ते सकाळचं एक बोटही जड गेलं. फोंड्याहून बोरी पुलावरून स्कूटरने येईपर्यंत रेनकोटातही हात भिजून सुरकुततात, आणि ठसा तीन-तीनदा नाकारला जातो. मी दोन्ही हातांची मिळून चार बोटं नोंदवून घेतली, तेव्हापासून बरं आहे. जुलैत पट्ट्याखाली घामाने पुरळ आलं. आता रोज हात बदलते आणि जेवणाच्या सुट्टीत पट्टा काढून पुसते. काढला की परत बोट लावावं लागतं, त्याला इलाज नाही.

सगळ्यात मोठी खोट गणपतीच्या चवथीत कळली. आठवडाभर घरी होते, पट्टा कपाटात पडून बॅटरी संपली. माझ्यासारखे बरेच. परतल्या दिवशी निम्मी लॅब पर्यायी वाटेने आत गेली, म्हणजे जुना पासवर्ड आणि सुपरवायझरची परवानगी. त्या दिवशी दहा मिनिटांचा टाइमआउटच पुन्हा आमचा राखणदार होता. पुढचं दार इतकं भक्कम करून मागचं असं ठेवणं मला अजिबात पटत नाही, आणि मी ते लेखी कळवलं आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसासाठी चार्ज केलेले राखीव पट्टे हवेत, नोंदणीला एक माणूस हवा.

दुसरी चिंता नोंदींची. मी कितीदा उठले, किती वेळ दूर होते, हे सगळं सर्व्हरवर साठतं. बाईमाणसाला दिवसातून कितीदा उठावं लागतं याचा हिशेब कुणी मांडू नये, असं मी आणि दोघी सहकारी मिळून एचआरला सांगितलं. या नोंदी हजेरीसाठी किंवा मूल्यमापनासाठी वापरणार नाही, आणि बोटाचा ठसा पट्ट्याबाहेर जात नाही, हे दोन्ही लेखी मिळालं. ते मिळेपर्यंत मी बोट दिलं नव्हतं.

पट्टा चालू आहे म्हणजे तो सकाळच्याच मनगटावर आहे, एवढंच सिद्ध होतं. डोळे स्क्रीनवर आहेत की नाही, हे त्याला कळत नाही. शेजारच्या टेबलावर गप्पा मारत उभी राहिले तर माझी स्क्रीन अजूनही उघडी राहते. म्हणून सहीच्या वेळी वेगळा हात न्यावा लागतो ते बरंच आहे. कंटाळा आला म्हणून ती पायरी काढून टाकायची मागणी आमच्यातल्याच काहींनी केली, तिला मी विरोध केला.

गेल्या महिन्यात एका जुन्या बॅचवर प्रश्न आला. नोंद माझी होती. ऑडिट ट्रेल उघडला तर सहीची वेळ, टेबल आणि पट्टा सगळं समोर. वीस मिनिटांत बोलणं संपलं आणि मी परत माझ्या सॅम्पलकडे गेले.