सेल्फ वॉटरिंग कुंड्यांत तिखट मिरची: सात महिने वापरल्यावर, मुख्यतः त्या तरंगत्या काडीबद्दल

चार दिवस बाहेर जायचं होतं. निघताना तिन्ही कुंड्यांच्या काड्या बघितल्या. तिन्ही वर होत्या, म्हणजे टाक्या भरलेल्या. परत आले तर मधल्या कुंडीतलं भूत जोलोकिया या अतितिखट मिरचीचं झाड मान टाकून उभं होतं आणि खाली फुलांचा, कोवळ्या मिरच्यांचा सडा पडला होता. काडी मात्र अजूनही वरच! पाणी ओतायच्या तोंडातून लाकडी पट्टी आत घातली, तर ती कोरडी ठणठणीत बाहेर आली.

हा अनुभव लिहायला बसले ते त्या काडीमुळे. बाकी कुंडी कशी असते ते थोडक्यात: खाली तीन लिटरची टाकी, वर माती, टाकीतलं पाणी मातीत चढवणारी वात आणि कडेच्या नळीत पाण्याची पातळी दाखवणारी काडी. एवढ्या सगळ्या रचनेत आपल्याला बाहेरून दिसते ती फक्त काडी. टाकी अपारदर्शक, वात मातीत गाडलेली. विश्वास ठेवायचा तो त्या बोटभर प्लास्टिकवर, आणि तीच खोटं बोलली.

चार फुलं गळली तर एवढा संताप कशाला, असं साधी मिरची लावणाऱ्याला वाटेल. भूत जोलोकिया आणि हाबानेरो या जातींची चाल फार संथ असते. माती उबदार ठेवूनही माझ्या जोलोकियाचं बी उगवायला चोवीस दिवस लागले. कुंडीत रोप लावल्यापासून पहिली लाल मिरची हातात यायला साडेचार महिने गेले. एक बहर गळाला की पुन्हा कळ्या, फुलं, फळ धरणं आणि पिकणं, म्हणजे सरळ दोन महिने मागे. २००७ साली जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीजमध्ये नोंदली गेलेली, तिखटपणा मोजणाऱ्या स्कोव्हिल मापावर दहा लाखांच्या पुढे गेलेली ही जात. तिची एकेक मिरची मी मोजून धरली होती. त्या दिवशी एकवीस कोवळी फळं उचलली.

निर्मात्याला फोटोसह कळवलं. उत्तर आलं की वॉरंटी फक्त कुंडीला तडा गेला तरच लागू होते, काडी आणि नळी सुटे भाग म्हणून मिळत नाहीत, झाड उपटून टाकी साफ करा. फळांनी लगडलेलं सहा महिन्यांचं झाड उपटायचं! मिरचीची मुळं या वयात दुखावली तर उरलेली फुलंही राहत नाहीत. कुंडी विकणाऱ्याला हे माहीत नसावं याचा मला खरंच राग आला. नवी कुंडी घ्यायचा सल्लाही मिळाला. एका काडीसाठी धडधाकट कुंडी फेकणं मला पटत नाही, म्हणून ती फेकली नाही.

आता चांगली बाजू, कारण ती खोटी नाही. गेल्या वेळी साध्या कुंड्यांत फळांची टोकं तपकिरी होऊन सडायची. मी कॅल्शियमची खतं घालत बसले होते. मुळात कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच चढतं. माती एक दिवस चिखल आणि दोन दिवस भुगा असेल, तर मातीत असूनही ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. या सात महिन्यांत तिन्ही कुंड्यांत मिळून असं एकही फळ निघालं नाही. तुलनेसाठी एक हाबानेरो साध्या कुंडीत ठेवली होती. तिची सहा फळं टोकाला सडली. एवढ्यासाठीसुद्धा मी या कुंड्या पुन्हा घेईन.

चौथ्या महिन्यात मातीवर पांढरा थर आला आणि पानांच्या कडा करपल्या. तेव्हा मी कुंडीला दोष दिला होता, आणि तो चुकीचा होता. पाणी खालून वर चढतं आणि उडून जातं. क्षार आणि खताचं उरलेलं मात्र वरच्या मातीत साठत राहतं. साध्या कुंडीत ते वरून दिलेल्या पाण्याबरोबर खालच्या भोकातून वाहून जातं. आता महिन्यातून एकदा थर खरवडून वरून भरपूर साधं पाणी ओतते, जादा पाणी कडेच्या भोकातून वाहू देते आणि खत अर्ध्यावर आणलंय. नवी पानं स्वच्छ येतात. रोप लहान असताना पहिले तीन आठवडेही पाणी वरूनच द्यावं लागतं, मुळं वातीच्या ओलीपर्यंत पोचलेली नसतात. मधे फुलकिडे आले, पानं वरच्या बाजूला वळली, त्याचा कुंडीशी काही संबंध नाही.

पुन्हा काडीकडे. वरचं लिहून ठेवल्यावर तीन आठवड्यांनी नळीचं टोपण हळूच पिळलं, तर ते निघालं. काडी वर येईना. चिमट्याने ओढली तेव्हा तिच्याबरोबर केसांसारख्या पांढऱ्या मुळांचा झुबका आला. नळीला तळाशी उभ्या फटी आहेत. पाणी आत यावं म्हणून ठेवलेल्या त्या फटींतून मुळंही आत शिरली होती, आणि त्यांनी काडीला वरच्या वर धरून ठेवलं होतं. बाकी दोन कुंड्याही उघडल्या. त्यांतही मुळं होती, फक्त अजून काडीपर्यंत पोचली नव्हती. म्हणजे माझी एक कुंडी खराब निघाली असं नाही. लहान हंगामी फुलझाडाला कदाचित हे कधी जाणवणारही नाही. मिरचीचं झाड महिनोन्‌महिने एकाच कुंडीत राहतं, तिच्या मुळांना तेवढा वेळ मिळतो. पहिल्या दिवशी एक चौरस इंच बारीक जाळी त्या फटींवर लावली असती, तर माझा बहर वाचला असता. निर्मात्याने हे करायला हवं होतं.

माझंही एक चुकलं. सुरुवातीला एक टाकी अकरा-बारा दिवस पुरायची, त्याच हिशेबाने मी निर्धास्त गेले. पण फळांवर आलेलं मोठं झाड कडक उन्हात दिवसाला पाऊण लिटर सहज पितं. टाकी भरलेली असती तरी चौथ्या दिवशी ती तळाला गेलीच असती. तेव्हा बहर गेल्याचा सगळा दोष काडीवर टाकणार नाही. टाकी रिकामी असताना ‘भरलेली’ दाखवण्याचा दोष मात्र पूर्ण तिचाच.

सध्या तिन्ही नळ्यांत मुळं कापून काडी परत बसवली आहे, तरी तिच्याकडे बघत नाही. लाकडी पट्टीवर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या खुणा केल्यात, रोज सकाळी ती तोंडातून घालून बघते. पुढच्या लागवडीला माती भरण्याआधी फटींवर जाळी लावीन. मधल्या जोलोकियाला काल नव्या कळ्या दिसल्या, पहिल्या फांदीच्या बेचक्यात चार.