जिनिंगमधला घरचा क्लाउड: एक हंगाम आणि एक उन्हाळा वापरल्यावर

राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी कॉम्प्युटर, कॅमेरे आणि त्यांच्यासोबत येणारी सगळी कटकट सांभाळतो. गेल्या दसऱ्याच्या आधी आम्ही इथं स्वतःचा प्रायव्हेट क्लाउड उभा केला. एकाच मशीनवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारं प्रॉक्समॉक्स टाकलेला एक सर्व्हर, शेजारी चार डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून वापरायचं स्टोरेज), आणि फाइली ठेवायला-वाटायला नेक्स्टक्लाउड. वजनकाट्याच्या पावत्या, शेतकऱ्यांच्या सातबारा-पासबुकांचे स्कॅन, गाठींच्या लॉटच्या याद्या, हिशेबाचं सॉफ्टवेअर, सगळं त्याच्यावर. बाहेरचा क्लाउड का नाही घेतला, असं विचारणाऱ्यानं ऐन हंगामात गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना इथलं इंटरनेट वापरून पाहावं.

निकाल आधीच सांगतो. प्रॉक्समॉक्स चांगलं, नेक्स्टक्लाउड आमच्या कामापुरतं चांगलं, नॅसबद्दलही तक्रार नाही. छळलं ते या तिघांच्या मधल्या जागेनं. 'स्टोरेज गेलं' म्हणून इतक्या महिन्यांत जेवढे फोन आले, त्यातला एकही डिस्क खराब झाल्याचा नव्हता.

नॅस दिसेनासा झाला की प्रॉक्समॉक्सच्या पानावर स्टोरेजच्या नावाजवळ करडं प्रश्नचिन्ह येतं, आणि थोड्या वेळानं व्हीएमच्या, म्हणजे त्या आभासी कॉम्प्युटरांच्या, नावांजवळही. नवीन माणसाला वाटतं सगळंच बसलं. पुष्कळदा व्हीएम चालूच असतात. त्यांची खबर गोळा करणारी प्रोसेस तेवढी नॅसच्या उत्तराची वाट पाहत अडकलेली असते. नॅसवरचं फोल्डर सर्व्हरला जोडायची पद्धत म्हणजे एनएफएस, आणि त्या जोडणीला म्हणायचं माउंट. एनएफएसचा नेहमीचा माउंट 'हार्ड' असतो. समोरून उत्तर येईपर्यंत तो विचारतच राहतो. अशा अडकलेल्या प्रोसेसला साधं किल केलं तरी ती सहसा मरत नाही. सीपीयू रिकामा आणि लोड मात्र चढत चाललेला दिसला, की कर्नलचा लॉग उघडायचा. नॅस उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे, अशा अर्थाची ओळ तिथं सापडते. नॅस परत आला की त्याच्याच खाली 'ओके'ची ओळ येते आणि गाडी पुढं सरकते.

यावर 'सॉफ्ट माउंट कर, अडकणार नाही' असा सल्ला हमखास मिळतो. मी तो मानला नाही आणि तुम्हीही मानू नका. सॉफ्टमध्ये ठरलेल्या वेळेनंतर एनएफएस हात वर करतं आणि लिहिता लिहिताच प्रोग्रामच्या पदरात एरर टाकतं. स्कॅन पाहायला हे चालून जाईल. हिशेबाची फाइल अर्धी लिहून झालेली असताना नाही चालत. अडकलेलं परवडतं, तुटलेलं परवडत नाही.

आता लाइन. इकडं लाइन जाते हे सांगायची गरज नाही, कशी जाते ते सांगतो. हंगामाच्या सुरुवातीला दुपारी लाइन गेली की काट्यावरच्या पोराचा फोन यायचा, "भाऊ, पावती निघून नाही राह्यली, गाडी काट्यावरच उभी हाय." मी पाहायचो तर सर्व्हर चालू, नॅस चालू, दोघांचेही दिवे हिरवे, कारण दोघंही यूपीएसवर. मधला स्विच मात्र माळ्यावर, पंख्याच्या बोर्डात खुपसलेला. जनरेटर पकडेपर्यंत तो बंद, मग उठायला त्याचा वेळ. दोन धडधाकट माणसं आणि मधला पूल गायब, असला प्रकार. स्विचला यूपीएसवर घेतलं आणि हे फोन थांबले.

जास्त वेळ लाइन नसली की दुसरं नाटक. यूपीएस संपतो, दोघंही बंद पडतात. लाइन आली की सर्व्हर आधी उठतो. नॅस डिस्क तपासत बसतो, त्याला उशीर लागतो. तोवर सर्व्हरनं नॅस शोधून झालेला असतो, आणि ज्या व्हीएमची डिस्क नॅसवर आहे तिनं उठायला नकार दिलेला असतो. उपाय साधा आहे. प्रॉक्समॉक्समध्ये नोडच्या सेटिंगमध्ये, बूटनंतर व्हीएम किती सेकंदांनी सुरू करायच्या हे सांगता येतं. आमचा नॅस जेवढा वेळ घेतो त्यापेक्षा थोडा जास्तच आकडा तिथं ठेवलाय. नेक्स्टक्लाउडच्या व्हीएममध्ये एफएसटॅबच्या (माउंटची यादी असलेल्या फाइलच्या) ओळीत 'नेटडेव्ह', 'नोफेल' आणि सिस्टमडीचा ऑटोमाउंट हे तिन्ही पर्याय घातले. म्हणजे नॅस नसला तरी बूट अडत नाही, आणि फोल्डरला कुणी हात लावला की तेव्हा माउंट होतो.

इथं नेक्स्टक्लाउडला एक शाबासकी. डेटा फोल्डरमध्ये ते स्वतःची एक लपलेली खुणेची फाइल ठेवतं. नॅस माउंट झाला नसेल तर फोल्डर रिकामं दिसतं, खूण सापडत नाही, आणि ते सरळ 'डेटा फोल्डर बरोबर नाही' म्हणून काम थांबवतं. पहिल्यांदा मुनीमजी घाबरले, सगळे स्कॅन उडाले म्हणून. पण हे थांबणंच बरं; नाहीतर दिवसभराचे स्कॅन व्हीएमच्या छोट्या डिस्कवर पडले असते आणि संध्याकाळी नॅस माउंट झाल्यावर त्याच्याखाली झाकून गेले असते.

बंद करायचाही क्रम असतो. आधी व्हीएम, मग सर्व्हर, शेवटी नॅस. नॅस आधी गेला तर सर्व्हर बंद होतानाच अडकून बसतो. यूपीएसची यूएसबी नॅसला लावली आहे आणि नॅस एनयूटी या यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं सर्व्हरला बॅटरी उतरल्याचं कळवतो, ३४९३ पोर्टवरून. हे एकदा जमवलं की रात्री उठून पळावं लागत नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते कॅमेऱ्याच्या डीव्हीआरनं. लक्षणं अशी: नॅस लागायचा, थोडा वेळ छान चालायचा, मग गायब, मग आपोआप परत. पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या हाकेला, मात्र कायम उत्तर. केबल बदलून पाहिली, पोर्ट बदलून पाहिलं, काही नाही. शेवटी सर्व्हरवर शेजाऱ्यांची यादी, म्हणजे कुठल्या आयपीमागं कुठलं मॅक (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर), ती थोड्या थोड्या वेळानं काढून पाहत बसलो. नॅसच्या आयपीपुढचं मॅक बदलताना डोळ्यांनी दिसलं. गेटवर नवीन कॅमेरे लावणाऱ्यानं डीव्हीआरला तोच आयपी फिक्स करून दिला होता. पिंगला कधी नॅस उत्तर देत होता, कधी डीव्हीआर! म्हणून सांगतो, पिंग लागतो एवढ्यावर निर्धास्त राहू नका. पुढं एनएफएसचं २०४९ पोर्ट उघडं आहे का पाहा, शोमाउंट कमांडनं शेअरची यादी येते का पाहा (नॅसवर फक्त आवृत्ती ४ चालू असेल तर ही यादी येत नाही), आणि शेवटी एक छोटी फाइल लिहून पाहा. लिहिताना 'परवानगी नाही' आलं तर तो नेटवर्कचा आजार नाही. प्रॉक्समॉक्स रूट (मुख्य ॲडमिन) म्हणून लिहितं आणि नॅस रूटला ओळखायचं नाकारतो, तेव्हा नॅसवरच्या एनएफएसच्या नियमात स्क्वॉशची सेटिंग बदलावी लागते. ती सूट फक्त सर्व्हरच्या आयपीलाच द्यायची, अख्ख्या नेटवर्कला नाही. एनएफएसची आवृत्ती ४ निवडली तर एका २०४९ वरच भागतं. आवृत्ती ३ ला १११ आणि आणखी पोर्टं लागतात, फायरवॉल असली की ती विसरली जातात.

मार्चमधल्या अवकाळी पावसात वीज कडाडली आणि स्विचची पोर्टं गेली. कपाटातला जुना स्विच लावला. माउंट झालं, फोल्डरची यादी दिसली, छोट्या फाइली उघडल्या, आणि रात्रीचा बॅकअप सुरू होताच अडकला. लहान चालतं आणि मोठं अडतं, असं दिसलं की एमटीयूकडं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल मापाकडं, बघायचं. बसवणाऱ्यानं सर्व्हर आणि नॅस दोन्हीकडं ९००० ठेवलं होतं; जुना स्विच १५०० च्या पुढचं मुकाट्यानं फेकून देत होता. 'तुकडे करू नको' असं सांगून पिंगला ८९७२ बाइटचं माप दिलं की लगेच कळतं. २८ बाइट हेडरचे धरले की ९००० भरतात. दोन्हीकडं १५०० केलं, बॅकअप झाला. एक गिगाबिटच्या लाइनवर मोठ्या फ्रेमचा फायदा आम्हाला तरी जाणवला नाही.

त्यानंतर मी स्विचचा विषयच संपवला. सर्व्हरचं दुसरं पोर्ट आणि नॅसचं दुसरं पोर्ट, मध्ये एक चांगली तांब्याची केबल, दोघांना वेगळ्या रेंजचे आयपी, आणि एनएफएस फक्त त्याच रस्त्यानं. डीव्हीआर, गेट, माळा, कुणाचा संबंध नाही. या सगळ्या सेटअपमधला सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाचा बदल हाच.

उंदरांबद्दल थोडक्यात. नेटवर्क तुटत नाही पण सगळं मंदावलं, कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडकली, की एथटूल या कमांडनं लिंकचा वेग बघा. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. त्या दोन सोडून दुसरी एखादी जोडी कुरतडली की लिंक बहुधा चालूच राहते, फक्त दहापट मंद.

विंडोजवाल्यांसाठी एवढंच: विंडोज ११ च्या २४एच२ पासून पासवर्डाविना गेस्ट शेअर सहसा उघडत नाही. त्यासाठी सुरक्षेची सेटिंग ढिली करू नका, नॅसवर प्रत्येकाचं नाव-पासवर्ड काढून द्या.

मे महिन्यात मात्र वेगळाच प्रकार. अशा छोट्या नॅसना बहुधा ४० अंशांपर्यंतची हवा चालते असं कागदावर लिहिलेलं असतं. आमच्याकडं सावलीतच ४५. त्यात हंगामभराची रुई पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखी बसलेली. नॅस तापून स्वतःहून बंद व्हायचा आणि बाहेरून ते नेटवर्क तुटल्यासारखंच दिसायचं. नॅसच्या स्वतःच्या लॉगमध्ये तापमानाची ओळ सापडली. ब्लोअरनं साफ केला आणि सर्व्हरसकट पत्र्याखालच्या ऑफिसमधून उचलून जुन्या जाड मातीच्या भिंतींच्या खोलीत नेला. कूलरच्या थेट झोताखाली ठेवला नाही. ती हवा थंड असते पण ओली.

आणि एक बदल, ज्यावर माझं मत पक्कं झालंय. हिशेबाची आणि काट्याची व्हीएम मी नॅसवरून काढून सर्व्हरमधल्या एसएसडीवर आणली. नॅसवर आता स्कॅन आणि रात्रीचे बॅकअप एवढंच. दोन-तीन सर्व्हर असते आणि व्हीएम इकडून तिकडं हलवायच्या असत्या तर सामायिक स्टोरेजला अर्थ होता. एकाच सर्व्हरवर ते निव्वळ जोखीम वाढवतं. आता नॅस गेला तर मुनीमजी कुरकुरतात, पण काटा थांबत नाही. बॅकअपची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर शेठच्या यवतमाळच्या घरी जाते, कारण नॅसमधली रेड (एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी डिस्कची जोडणी) म्हणजे बॅकअप नाही, आणि वीज पडली तर सर्व्हर आणि नॅस दोघंही एकाच खोलीत आहेत.

दसऱ्याआधी गेट ते ऑफिस फायबर टाकायचं राहिलंय. ते अंतर तांब्याच्या केबलच्या १०० मीटरच्या मर्यादेपलीकडं जातं, आणि विजेचा झटका फायबरच्या काचेतून आत येत नाही. कुणी नवीन नॅस घेत असेल तर दोन नेटवर्क पोर्टवालाच घ्या. एका पोर्टवाला स्वस्त पडतो, पण मग थेट केबल जमत नाही.