ॲल्युमिनियमवाल्यालाच ॲल्युमिनियम विकलं

मी स्लायडिंग खिडक्या आणि पार्टिशनची कामं करतो, १४ वर्षं झाली. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या, पण मागच्या महिन्यात आमच्याच लाईनमधला एक पोरगा, गाडीच्या बॅटरीवर घरच्या करंटची मशीनं चालवायचा इन्व्हर्टर असतो ना, मी फसलो होतो तोच डबा घेऊन माझ्याकडे आला, तेच स्टिकर, तीच लाल-काळी वायर, आणि मला विचारतोय की दादा हा कसा जोडायचा. तेव्हा म्हटलं आता लाज बाळगून उपयोग नाही, लिहूनच टाकू.

पानशेत, मुळशी साईडला फार्महाऊसची कामं बऱ्यापैकी निघतात. तिथं निम्म्या साईटवर मीटरच बसलेला नसतो आणि बसला असला तरी जोराचा पाऊस आला की लाईट गेली ती गेलीच. मग जनरेटर भाड्याने न्यायचा, त्याचं भाडं, वर पेट्रोल, आणि त्याच्या आवाजात पार्टीचा फोन आला तर ती शिव्या देतेय की पैसे, तेही कळत नाही. माझी गाडी पिकअप, १२ व्होल्टची एकच बॅटरी, ७५ एएच (एएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप). कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, गाडीच्या बॅटरीला डबा जोडलाय आणि माणूस मजेत ग्राइंडर मारतोय. झालं, डोक्यात किडा शिरला.

पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास चौकशी केली. दोन ठिकाणी १५०० वॉटच्या प्युअर साइन वेव्हवाल्याचे, म्हणजे घरच्या लाईटीसारखा स्वच्छ करंट देणाऱ्याचे, पंधरा-अठरा हजार सांगितले, वर एकाने विचारलं की बॅटरी कुठली, वायर किती लांब टाकणार, अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा, तो किती अँपियरचा. मला वाटलं हा उगाच शहाणपणा करून भाव वाढवतोय. तिसरं दुकान बोळात आत होतं, तिथं कुणी काही विचारलं नाही, ३००० वॉट, साडेसहा हजार, घेऊन जा. प्रश्न विचारणारा माणूस खरा होता हे मला नंतर कळलं, तोवर साडेसहा हजार गेले होते.

डेमो दिला बरं का. १०० वॉटचे चार पिवळे बल्ब लावले, भक्कन पेटले, मग एक ड्रिल मशीन हवेत गर्रकन फिरवून दाखवलं. म्हणाला बघा भाऊ, डबा गरमसुद्धा झाला नाही. मी मान डोलावली. आता हिशोब करा, चार बल्ब म्हणजे ४०० वॉट, आणि हवेत फिरणारं ड्रिल जवळपास लोड घेतच नाही, लोड भिंतीत घुसल्यावर येतो. शिवाय बल्बला करंट कसाही कच्चा-पक्का दिला तरी तो पेटतो, त्याला वेव्हचं काही पडलेलं नाही, मोटरला आणि चार्जरला पडलेलं असतं. म्हणजे ३००० वॉटचा माल ४०० वॉटवर पास केला आणि मी खूष.

वर म्हणाला, सोबतची वायर बारीक आहे, तुम्ही हेवी घ्या, प्युअर कॉपर, ५० स्क्वेअर (म्हणजे आतला धातू ५० स्क्वेअर एमएम जाड), १२०० रुपये. घेतली. बिल मागितलं तर म्हणाला पक्कं घेतलं तर १८ टक्के जीएसटी उगाच भराल, ही चिठ्ठी घ्या, कार्ड घ्या, वर्षाची वॉरंटी आपली जबान. पैसे स्कॅन करून दिले, नाव भलत्याच माणसाचं आलं, म्हटलं असेल भावाचं-बिवाचं.

पहिल्या दिवशी ॲल्युमिनियमच्या सेक्शनला ६ एमएमची भोकं मारली, स्क्रू टाकले, सगळं झकास, मी हेल्परला म्हणालोसुद्धा की बघ, जनरेटरवाल्याचं दुकान बंद. दुसऱ्या दिवशी फ्रेम बसवायला आरसीसीत, म्हणजे काँक्रीटमध्ये, फास्टनर मारायचे होते. हॅमर मोडवर टाकलं, तिसऱ्या भोकाला डबा किंचाळायला लागला. थोडं थांबून ग्राइंडर लावला तर बटण दाबल्या दाबल्या एक झटका आणि सगळं बंद. ग्राइंडरवर ८५० वॉट लिहिलेलं असतं खरं, पण सुरू होताना क्षणभर तो त्याच्या दोन-तीन पट ओढतो, हे मला कुठं माहीत. मी परत चालू, परत बंद, परत चालू, असं पाच-सहा वेळा केलं. तेवढ्यात हेल्पर ओरडला, दादा वास येतोय. जाऊन बघतो तर ती हेवी वायर सीटच्या कव्हरला चिकटलेली, वरचं रबर च्युइंगगमसारखं मऊ. दोन मिनिटं उशीर झाला असता तर गाडी पेटली असती, कारण बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज टाकायचा असतो हे ना त्याने सांगितलं ना मी विचारलं. त्याच डब्यावर सकाळी छोट्या कॉर्डलेस मशीनचा चार्जर लावला होता, तोही गेला, तो वेगळा अडीच हजाराला. आणि संध्याकाळी निघायला चावी फिरवली तर नुसतं टक टक टक. वॉचमन, त्याचा मेहुणा, हेल्पर आणि मी, चौघांनी चिखलात पिकअप ढकलली.

डबा घेऊन आमच्या गावातल्या बॅटरीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चार स्क्रू काढले, आत बघितलं आणि मला म्हणाले, किती वॉट म्हणालास? ३०००. मग ३००० ला १२ ने भाग. २५० येतात. म्हणाले, तुझ्या गाडीतून अडीचशे अँपियर कधी निघतात माहितेय का, स्टार्टर मारताना, ते पण चार सेकंद. आणि हे बघ, म्हणून आतले फ्यूज दाखवले, ३० अँपियरचे दोन, बोर्डावर डाग देऊन बसवलेले. दोन मिळून ६०. साठ बारा ७२०. म्हणजे हा डबा स्वतःच्याच फ्यूजच्या हिशोबाने ७२० वॉटच्या वर टिकूच शकत नाही, त्यात आत गरम होण्यात जातात ते वेगळे, मग हातात सहाशे पडले तरी नशीब. स्टिकरवर ३००० लिहायला शाई किती लागते.

बॅटरीचंही सांगितलं त्यांनी. गाडीची बॅटरी ही एक दणका देऊन स्टार्ट करायला बनवलेली असते, तिला रोज तळापर्यंत उपसली की काही महिन्यांत बसते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी वेगळी असते. इंजिन चालू ठेवलं तर अल्टरनेटर भर घालतो, पण आयडलवर तो पूर्ण अँपियर देत नाही.

मग त्यांनी वायर हातात घेतली. काही बोलले नाहीत, नुसतं ब्लेड माझ्याकडे दिलं, म्हणाले खरवड. एक तार घेऊन खरवडली तर वरचा लालसर मुलामा गेला आणि आतून पांढरं. अहो मी १४ वर्षं दिवसभर ॲल्युमिनियम कापतो, कापल्याचा आवाज ऐकून सेक्शनचा गेज सांगतो, आणि मला एका माणसाने ॲल्युमिनियम कॉपर म्हणून विकलं! पैशाचं एवढं वाटलं नाही, याचं वाटलं. शिवाय ५० स्क्वेअर म्हणे, सगळी जाडी रबरचीच, आत धातू १० स्क्वेअरचाही नसेल. ॲल्युमिनियमची वायर तेवढ्याच जाडीला कॉपरपेक्षा बराच कमी करंट झेलते, म्हणून ती तापली. वायर घेताना टोक कापून कापलेल्या तोंडाकडे बघा, आतून पांढरी दिसली की सोडून द्या, आणि उचलून बघा, जाडीच्या मानाने हलकी लागेल.

दुकानात परत गेलो. आधी म्हणाला तुम्ही ओव्हरलोड केला. मग म्हणाला ३००० हा पीक आहे, म्हणजे क्षणभराचा, कंटिन्यू कुठं म्हणालो मी. मग म्हणाला जळलेल्या मालाला वॉरंटी नसते. आणि शेवटी आवाज एकदम गोड करून, भाऊ तुमचं काम हेवी आहे, तुम्ही ६००० वॉटवाला न्या, हा परत घेतो, वर फक्त साडेतीन हजार द्या. आणि सांगायला लाज वाटते, पाकीट निम्मं बाहेर काढलं होतं मी. काकांचं ते बाराने भाग डोक्यात आलं म्हणून वाचलो. ६००० म्हणजे ५०० अँपियर, मग वायरऐवजी पाईपच टाकावा लागेल.

१९१५ वर फोन केला, ती ग्राहकांची सरकारी हेल्पलाईन आहे, नीट बोलले, तक्रार नोंदवून नंबर दिला. पण दुकानदाराने सरळ हात वर केले, हा माल माझा नाहीच. आणि माझ्याकडे काय, एस्टिमेट लिहिलेली चिठ्ठी, त्यावर दुकानाचं नावसुद्धा नाही, पेमेंट तिसऱ्याच माणसाच्या नावावर. दुकानदार मला असंही म्हणाला की तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक होतच नाही. हे चुकीचं आहे, ओळखीच्या वकिलांना विचारलं, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतःच्या रोजगारात वापरायला घेतलेली वस्तू धंद्यासाठी घेतली असं धरत नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि २ वर्षांच्या आत करता येते. पक्कं बिल असतं तर मी केली असती. १८ टक्के वाचवायला गेलो आणि शंभर टक्के गेले.

ट्रकवाल्यांसाठी एक, मोठ्या गाड्यांना दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, २४ व्होल्ट. माझा चुलतभाऊ दहाचाकी चालवतो, त्याला केबिनमध्ये फॅन आणि मिक्सर चालवायला असाच १२ चा डबा देत होते आणि सांगत होते की एकाच बॅटरीवरून घ्या, काही होत नाही. होतं. एक बॅटरी उपसली जाते, दुसरी भरलेली राहते, चार्जिंग दोघींना सारखंच मिळतं, आणि थोड्या दिवसांत दोन्ही जातात. २४ च्या गाडीला २४ चाच घ्यायचा. आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मशीन चालवा म्हणणारा भेटला तर पुढं चालायला लागा, तिथं साधारण १०-१५ अँपियरचा फ्यूज असतो, म्हणजे दीडशे वॉटच्या आसपास, त्यावर लॅपटॉप चालेल, ग्राइंडर नाही.

आता मी कॉर्डलेस ड्रिल आणि कॉर्डलेस ग्राइंडर घेतलाय, हप्त्यावर. ३०० वॉटचा प्युअर साइन वेव्हवाला छोटा इन्व्हर्टर बसवलाय, पक्क्या बिलाचा, बॅटरीपाशी फ्यूज टाकून, तो फक्त गाडी चालू असताना कॉर्डलेसच्या बॅटऱ्या चार्ज करायला. आरसीसीचं काम जास्त असेल तर मुकाट्याने जनरेटर नेतो. त्या जनरेटरवाल्याला ही गोष्ट सांगितली तर तो इतका हसला की त्या दिवशीचं भाडं शंभरने कमी केलं.

जुना डबा भंगारवाल्याकडे नेला. त्याने आतला बोर्ड काढून बाजूला टाकला, बाहेरची बॉडी काट्यावर ठेवली, सव्वा किलो भरली. म्हणाला, शेठ, माल चांगलाय, ओरिजिनल ॲल्युमिनियम.